रिकाम्या संगणकांची इर्जिक

१/ १७ मे १९९९. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सामान्य लोकांपुढे एक विलक्षण मागणी ठेवली : तुमच्या घरचा संगणक तुम्ही वापरत नसाल तेव्हा तो आम्हाला उसना द्या, परग्रहावरील बुद्धिमान जीवांचा संदेश शोधायचा आहे. पुढील दोन दशकांत ५० लाखांहून अधिक लोकांनी या मागणीला होकार दिला. हा धागा त्या उसनवारीच्या इतिहासाविषयी.

२/ महाराष्ट्राच्या खेड्यांत 'इर्जिक' नावाची जुनी रीत आहे. एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले, की गावातील शेतकरी आपापले बैल-नांगर घेऊन येतात, दिवसभरात काम उरकतात आणि जेवून घरी जातात. शेताचा धनी सर्वांच्या ओळखीचा असतो. संगणकांच्या इर्जिकीत मात्र देणारा आणि घेणारा एकमेकांना कधीच पाहत नाहीत. तरीही ती जमली कशी?

३/ तिची पहिली चाहूल घरांत नव्हे, प्रयोगशाळेत लागली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात जॉन शॉक आणि जॉन हुप यांनी रात्री रिकाम्या राहणाऱ्या संगणकांवर पसरत जाणारा एक कार्यक्रम लिहिला व त्याला 'वर्म', म्हणजे किडा, असे नाव दिले. एका रात्री तो बिघडला. सकाळी कर्मचारी कामावर आले, तेव्हा अनेक यंत्रे बंद पडलेली होती. उसने घेतलेले यंत्र घेणाऱ्याच्या चुकीने बिघडू शकते, हा धडा इर्जिकीच्या आधीच मिळाला.

४/ १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी आपल्या नव्या गूढलेखन पद्धतीची परीक्षा म्हणून १२९ अंकी संख्येचे अवयव पाडण्याचे आव्हान दिले. त्याला अब्जावधी वर्षे लागतील, असा त्या वेळचा अंदाज होता. १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी ईमेलद्वारे काम वाटून घेऊन ते सुमारे आठ महिन्यांत पूर्ण केले. बक्षीस होते १०० डॉलर.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रत्येक काम वाटून लवकर होत नाही. वाढणारे हात वाढले की पंगत लवकर उठते. पण एका भांड्यातल्या दुधाला दहा जणांनी विरजण लावले, तरी दही रातोरातच लागते. ज्या गणिताचे तुकडे एकमेकांच्या उत्तरांवर अवलंबून नसतात, तेच गणित हजारो घरांत वाटता येते. या चळवळीचा सारा इतिहास अशा गणितांच्या शोधाचा आहे.

६/ १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा सामुदायिक प्रकल्प सुरू केला. २ या संख्येच्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या या मूळसंख्या अतिशय विरळ असतात, आणि प्रत्येक उमेदवार स्वतंत्रपणे तपासता येतो. त्याच वर्षी पहिले यश आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्रकल्पाला सापडलेल्या मूळसंख्येत ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत.

७/ मात्र ही कल्पना घरोघरी नेली ती 'सेटी ॲट होम'ने. डेव्हिड गेडी यांना ती सुचली. डेव्हिड अँडरसन आणि खगोलशास्त्रज्ञ डॅन वर्थायमर यांनी ती उभी केली. पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथे ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. इतर शास्त्रज्ञांची निरीक्षणे चालू असतानाच बर्कलीचे यंत्र तिच्यावर आलेले संकेत शांतपणे टिपून घेत असे. दुर्बिणीचा वेळसुद्धा असा उसनाच होता!

८/ नोंदींच्या फिती टपालाने बर्कलीला येत. तेथे त्यांचे १०७ सेकंदांचे, सुमारे साडेतीनशे किलोबाइटचे तुकडे पाडले जात. दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या तेव्हाच्या संथ इंटरनेटलाही एवढे ओझे पेलत असे. शोध हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झ या कंप्रतेच्या आसपास होता. पृथ्वी व परग्रह दोन्ही फिरत असल्याने दूरचा संकेत हळूहळू सरकतो. म्हणून सरकण्याचा प्रत्येक संभाव्य वेग वेगळा तपासावा लागे. तुकडा लहान, पण आकडेमोड प्रचंड. वाटपासाठी याहून योग्य गणित क्वचितच मिळेल.

९/ प्रसाराचे साधनही त्या काळाचेच अपत्य. जाड काचेच्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटे. तो टाळण्यासाठी 'स्क्रीनसेव्हर' असत. सेटीचा कार्यक्रम हाच स्क्रीनसेव्हर बनून आला. माणूस उठून गेला की पडद्यावर रंगीत आलेख उमटू लागत. विज्ञानाचे काम आपल्या टेबलावर चालताना दिसणे, हेच देणाऱ्याचे इर्जिकीतले जेवण होते.

१०/ कोणी किती तुकडे सोडवले याच्या याद्या लागू लागल्या, गटागटांत चुरस सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ लबाडीही आली. केवळ क्रमांक वाढावा म्हणून काहींनी कार्यक्रमात फेरफार केले. त्यावरचा उपाय असा : एकच तुकडा एकाहून अधिक अनोळखी संगणकांना द्यायचा आणि उत्तरे जुळली तरच ती स्वीकारायची. बरीच शक्ती एकच काम पुन्हा करण्यात खर्ची पडे. अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याची ती किंमत होती.

११/ दुसरा प्रश्न अधिक बोचरा होता : हे दान करण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका तंत्रमहाविद्यालयाच्या संगणक व्यवस्थापकाने संस्थेच्या यंत्रांवर गूढलेख उकलणाऱ्या अशाच एका प्रकल्पाचा कार्यक्रम बसवला. त्याच्यावर संगणक-गुन्ह्यांच्या कायद्याखाली आरोप ठेवले गेले आणि दीर्घ तुरुंगवासाची टांगती तलवार आली. २००२ मध्ये तडजोड होऊन तुरुंग टळला, तरी पैसे भरावे लागलेच. संस्थेच्या लेखी ते यंत्र रिकामे असले, तरी बेवारस नव्हते.

१२/ अँडरसन यांनी २००२ पासून 'बॉइंक' हा मुक्त मंच विकसित केला. त्यामुळे कोणत्याही शास्त्रज्ञाला स्वतःचा प्रकल्प मांडता येऊ लागला आणि स्वयंसेवकाला आपली शक्ती कोणाला किती द्यायची हे ठरवता येऊ लागले. २००५च्या अखेरीस जुना सेटी कार्यक्रम बंद होऊन सर्व काम बॉइंकवर आले. सेटीचे सर्वांत टिकाऊ फळ कदाचित हेच.

१३/ ऑक्सफर्डच्या हवामान प्रकल्पाने २००३ पासून हवामानाच्या एकाच प्रारूपाच्या थोड्या थोड्या वेगळ्या हजारो प्रती घरोघरी चालवल्या. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान २ अंशांपासून थेट ११ अंशांपर्यंत वाढू शकते, असा विस्तृत पल्ला २००५ मध्ये त्यातून दिसला. एका महासंगणकावर इतक्या आवृत्त्या चालवणे तेव्हा कोणालाच परवडले नसते.

१४/ २००५ मध्येच 'आइन्स्टाइन ॲट होम' सुरू झाला. २०१० मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील एक दांपत्य आणि जर्मनीतील माइन्झचा एक स्वयंसेवक यांच्या संगणकांनी अरेसिबोच्या नोंदींत सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा नवा स्पंदक तारा पकडला. हा प्रकल्प लायगो वेधशाळांच्या नोंदीही तपासतो. लायगोचे भारतीय भावंड हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारले जात आहे. त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

१५/ प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा 'फोल्डिंग ॲट होम' २००० मध्ये स्टॅनफर्डला सुरू झाला होता. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत घरी अडकलेले लाखो लोक त्यात सामील झाले. वाटायला काम पुरेना, इतकी यंत्रे जमली. सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडीचा टप्पा या विखुरलेल्या संगणकांनी तेव्हा ओलांडला. अधिकृत चाचणीत एकट्या महासंगणकाने तो टप्पा गाठला २०२२ मध्ये.

१६/ त्याच मार्चच्या ३१ तारखेला सेटीने नवे तुकडे पाठवणे थांबवले. गोळा झालेल्या निकालांचा अन्वय लावणे हे काम आता उरले होते. १ डिसेंबर २०२० रोजी अरेसिबोची दुर्बीण कोसळली. सुमारे १२ अब्ज नोंदींतून गाळत गाळत शंभराच्या आसपास संकेत उरले. त्यांची फेरतपासणी चीनच्या 'फास्ट' दुर्बिणीने होत आहे. परग्रहावरचा निरोप अद्याप मिळालेला नाही.

१७/ दरम्यान 'रिकामा' या शब्दाचा अर्थच बदलला. १९९०च्या दशकातील संगणक काम करो वा न करो, वीज जवळजवळ सारखीच खाई. त्यामुळे दान फुकट वाटे. आजचा प्रक्रियक काम नसताना मंदावतो, आणि दिलेल्या प्रत्येक तासाची नोंद वीजबिलात होते. बिटकॉइननंतर त्याच आकडेमोडीचे पैसेही मिळू लागले. उरलेले देऊन टाकणे आणि पदरचे देणे यांत फरक असतो.

१८/ म्हणून या प्रकल्पांचे मोल केवळ शोधांच्या यादीवरून करणे अपुरे ठरते. लक्षावधी लोकांनी, उत्तर कदाचित कधीच मिळणार नाही हे ठाऊक असूनही, अनोळखी शास्त्रज्ञांना आपल्या घरात जागा दिली. शास्त्रज्ञांनीही त्यांची उत्तरे अनेकदा दुसऱ्याकडून पडताळून घेतली. भरवसा आणि पडताळणी एकत्र नांदू शकतात, हे या इर्जिकीने दाखवले. आज अफाट संगणकशक्ती मोजक्या कंपन्यांच्या गोदामांत एकवटत असताना तर ही नोंद अधिकच जपून ठेवावी अशी आहे.