पावती किती वर्षे जपावी?

मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात आज दोन प्रकारची घरे शेजारी शेजारी दिसतात. एक, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणाऱ्यांची. दुसरी, पुण्या-मुंबईच्या मंडळींनी सुटीसाठी बांधलेली. पहिल्या घरातील कागद बहुधा पत्र्याच्या पेटीत असतात, दुसऱ्यातील प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. आवराआवरी निघाली की दोन्हीकडे निवड होते ती पावतीवरील रक्कम पाहून. दूरचित्रवाणी संचाचे चाळीस हजारांचे बिल जपले जाते आणि दहा-वीस रुपयांची शेतसाऱ्याची पावती रद्दीत जाते.

पावतीचे मोल रकमेवर ठरत नाही. उद्या कोणी कोणता प्रश्न विचारू शकेल आणि तो विचारण्याची कायदेशीर मुदत केव्हा संपेल, यावर ते ठरते. जमिनीच्या बाबतीत ही मुदत फार लांब असते. १९४८ च्या कूळकायद्याने खंड घेणाऱ्या जमीनमालकावर लेखी पावती देण्याचे बंधन घातले. पुढे १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, तेव्हा ज्यांचे नाव सातबारावर चढलेच नव्हते त्यांच्यासाठी खंडाची पावती हा कूळ असल्याचा मोठा पुरावा ठरला. जमिनीची किंमत हप्त्याहप्त्याने भरून ‘३२-म’चे प्रमाणपत्र घेणाऱ्यांनाही प्रत्येक हप्त्याची पावती तितकीच मोलाची होती. असे कागद, तसेच खरेदीखत, सूची क्रमांक दोन, मुद्रांक व नोंदणी शुल्काच्या पावत्या, फेरफाराचे उतारे आणि मोजणीचे नकाशे कधीही नष्ट करू नयेत. जमीन विकत घेणाऱ्या शहरी ग्राहकानेही मागील मालकांचे जुने कागद मागून घ्यावेत. व्यवहार पूर्ण झाल्यावर ते मिळणे अवघड जाते.

शेतसाऱ्याची पावती गाव नमुना ९ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पावतीपुस्तकातून दिली जाते. महसुली वर्ष १ ऑगस्टपासून ३१ जुलैपर्यंतचे असल्याने तिच्यावरील वर्ष वाचताना अनेकांचा गोंधळ उडतो. केवळ सारा भरला म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. वहिवाट दाखविण्यास मात्र अशा पावत्यांची सलग मालिका उपयोगी पडते. एखादे वर्ष गहाळ झाल्यास समोरचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल, तर तो खरा असल्याचे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला १८७२ च्या पुरावा कायद्याने दिली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. तेव्हा आजोबांच्या पेटीतील कागद पेटीतच राहिलेले बरे.

‘सरकारदरबारी नक्कल असेलच’ हा भरवसाही पुरेसा नाही. शासकीय कार्यालयेदेखील आपले अभिलेख वर्गवारीने नष्ट करतात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष, अशी महाराष्ट्रातील रूढ पद्धत आहे. मुदत संपलेला कागद कार्यालयात नसेल, तर घरातील प्रत ही एकमेव प्रत ठरते. कागद मागणाऱ्या सत्तेचा अनुभव दख्खनला नवा नाही. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा सनदा दाखवू न शकलेल्या अनेक घराण्यांची इनामे गेली.

सुटीच्या घराबाबत वेगळा प्रश्न येतो तो प्राप्तिकराचा. बिगरशेती भूखंड किंवा घर विकल्यावर नफा मोजताना खरेदीच्या किमतीबरोबर बांधकाम व सुधारणांचा खर्चही वजा करता येतो. कुंपण, विंधन विहीर, वाढवलेली खोली यांची बिले त्यासाठी लागतात. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-घरांसाठी निवासी व्यक्तींना महागाई निर्देशांक लावून २० टक्के अथवा न लावता १२.५ टक्के कर, असा पर्याय ठेवलेला आहे. कोणता लाभाचा, हे बिले हाती असल्यावरच कळते. ही बिले विक्रीपर्यंत आणि त्यानंतरही सुमारे आठ वर्षे ठेवणे शहाणपणाचे.

बाकीच्यांचे आयुष्य थोडे. उसनवारी व देण्याघेण्याच्या पावत्यांना तीन वर्षे पुरतात, कारण पैशाच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत तेवढीच आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीसाठी दोन वर्षे मिळतात. म्हणून उपकरणाचे बिल हमीचा काळ आणि वर दोन वर्षे ठेवावे. वीजबिलाची थकबाकी सतत दाखवलेली नसेल, तर दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. तीन वर्षांची बिले हाताशी असली की झाले. किराणा, उपाहारगृह, पेट्रोल यांच्या चिठोऱ्या महिन्याचा हिशेब जुळताच फाडाव्यात.

मोठ्या दुकानांतील छापील पावती थर्मल कागदाची असते. ऊन, उष्णता, तेलकट हात आणि मऊ प्लॅस्टिकचे पाकीट यांनी तिच्यावरील अक्षरे उडतात. लॅमिनेशन केल्यास उष्णतेने कागदच काळा पडतो. अशा पावतीची साध्या कागदावर लगेच झेरॉक्स काढून मूळ पावती तिला टाचावी. मुळशीच्या पावसात कागदांना दमट हवा आणि कसर यांचा धोका असतो; कागदी पाकिटे, लोखंडी कपाट आणि पावसाळा सरल्यावर एकदा हवा देणे, एवढे करावे.

नष्ट करावयाच्या कागदांवर खाते क्रमांक, पॅन किंवा स्वाक्षरी असेल, तर ते अख्खे रद्दीवाल्याला देऊ नयेत. बारीक फाडून रात्रभर बादलीत भिजवले की लगदा होतो. थर्मल कागद मात्र त्यात मिसळू नये. त्यावरील रासायनिक लेपामुळे तो साध्या रद्दीबरोबर पुनर्वापरासाठी चालत नाही.