वर्क फ्रॉम होम, साल १९६२

वर्क फ्रॉम होम कोविडनं आणलं असं वाटतं ना? १९६२ साली इंग्लंडमध्ये स्टीफनी शर्ली यांनी अवघ्या ६ पौंडांवर ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ कंपनी काढली. लग्न-मुलांमुळे नोकरी सुटलेल्या बायकांना त्यांनी घरबसल्या प्रोग्रामिंगचं काम दिलं. घरी कॉम्प्युटर नव्हताच. कोड कागदावर पेन्सिलीनं लिहायचा. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंगही याच कंपनीचं. पहिल्या ३०० जणांत पुरुष फक्त ३!

पण गिऱ्हाइकांचा फोन आला की शर्ली टायपिंगच्या आवाजाची टेप लावायच्या. का? मागचं बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

मला मेख इथेच दिसते. ऑफिसचं काम घरात आलं, बाईला पगार मिळाला, ही मोठीच गोष्ट. पण घरकाम कुणी करायचं, हा प्रश्न तिथेच राहिला. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात, घरकाम करणारे पुरुष ८८.

आज टेपची जागा म्यूट बटणानं घेतलीय. कुकरची शिट्टी झाली की मीटिंगमधून कोण उठतं, एवढं या आठवड्यात आपापल्या घरी बघा.