नाण्याचें गाणें आणि कार्डाचें गाणें

ता. २३ नोव्हेंबर १८८९ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथील एका मद्यगृहांत लुई ग्लास ह्या गृहस्थानें एडिसनचा फोनोग्राफ एका पेटींत बसवून लोकांपुढें मांडला. फटींत नाणें टाकावें, नळी कानास लावावी आणि मेणाच्या नळकांड्यावरील गाणें ऐकावें, एवढाच तो व्यवहार. ज्याचें नाणें, त्याच्याच कानीं गाणें. शेजाऱ्यास त्याचा पत्ता नसे. ज्यूकबॉक्सचा जन्म येथें धरण्याची रीत आहे. आम्हांस मात्र ती मान्य नाहीं. १९२७ च्या सुमारास, वीज आणि ध्वनिवर्धक यांच्या साह्यानें, अनेक तबकड्यांतून हवी ती निवडून सगळ्या खोलीस ऐकविणारीं यंत्रें निघालीं, तेव्हांच त्या पेटींत प्राण आला. पैसे एकाचे, गाणें सर्वांचें. आणि निवड कोणाची, हेंही सर्वांस ठाऊक! वुर्लिट्झर कंपनीचें १९४६ चें रंगीबेरंगी यंत्र ५६,००० वर खपलें, तें कांहीं केवळ दिव्यांच्या झगमगाटामुळें नव्हे.

मुंबईच्या कांहीं हॉटेलांत हें यंत्र पोंचलें. कुलाब्याचें कॅफे माँडेगार तर त्यासाठींच नांवाजलें. अमरावती-अकोल्याकडे मात्र तें रुळलें नाहीं. यंत्र महाग होतें हें खरेंच. पण आमच्या वऱ्हाडांत कापूस विकला म्हणजे वर्षाचा पैसा एकदम हातीं यावयाचा, आणि एरवीं सारी उधारी. जेथें चहाच वहीवर मांडला जाई, तेथें गाण्यासाठीं सुटें नाणें कोण काढणार?

परंतु हौस तीच होती. तिनें पोस्टाची वाट धरली. रेडिओ सिलोन आणि १९५७ सालीं सुरू झालेली विविधभारती यांच्याकडे गांवोगांवचीं फर्माइशीचीं कार्डें जाऊं लागलीं. कार्डावर गाण्याचें नांव एका ओळींत आणि माणसांचीं नांवें पांच ओळींत, पाळण्यांतल्या मुलासुद्धां! गाणें तर सर्वांस पाठच असे. तें आपल्या नांवानें चार लोकांनीं ऐकावें, ह्याचेंच अप्रूप. हल्लींचा विद्यार्थी लाखों गाणीं खिशांत बाळगतो आणि कानांत बोंडें घालून एकटाच ऐकतो. ग्लाससाहेबांची नळी फिरून आली, असें आम्हांस वाटतें.

आमच्या लहानपणीं कार्डास १५ पैसे पडत. वडिलांनीं एकदां 'शीळ' मागविली. कविता आमच्याच वऱ्हाडांतल्या, मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची, गाणारे जी. एन. जोशी. महिना-दीड महिना रोज रेडिओपुढें बैठक बसे. शेजारच्या काकूही पोळ्या टाकून येत. अखेर एका सायंकाळीं आमच्या गांवाचें नांव उच्चारलें गेलें, वडिलांचें झालें, आईचें झालें, थोरल्या बंधूंचें झालें. आणि पुढें निवेदक "व इतर" एवढेंच म्हणून मोकळा झाला. त्या इतरांत आम्ही होतों. तबकडी सुरू झाली तरी आम्ही रडतच होतों, आणि काकू आमची समजूत घालीत होत्या कीं, "अरे, इतर म्हणजे तूंच!"