विहिरीच्या पाण्याचा माग

आपल्या नाशिक जिल्ह्यात ज्याने एकदा तरी विहीर खणताना पाहिली आहे, त्याला जमिनीच्या पोटातली रचना वेगळी शिकवावी लागत नाही. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. आणि खडकात चीर लागली की पाणी. ते थंडगार आणि नितळ असते, म्हणून आपण ओंजळ लावतो. पण चिरेत ते शिरले कुठून? हा प्रश्न विचारायला माणूस फार उशिरा शिकला.

लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटची हकीकत शिक्षकबंधूंना ठाऊक असेल. १८५४ साली तिथे पटकीने कहर केला. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून एका पंपावर बोट ठेवले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. गोष्ट बहुधा इथेच संपवतात. खरी शिकवण मात्र पुढेच आहे. नंतर ती विहीर आतून तपासली, तर बांधकाम शाबूत! कुठे भोक नाही, गळती नाही. झाले, स्नोंचे म्हणणे खोटे ठरायची वेळ आली. तेव्हा हेन्री व्हाइटहेड नावाच्या पाद्र्याने (त्याचाही आधी स्नोंवर विश्वास नव्हता बरे का) मृत्यूच्या नोंदी पुन्हा चाळल्या. पंपाला लागूनच असलेल्या ४० नंबरच्या घरात, साथ भडकण्याच्या आधीच एक तान्हे मूल हगवणीने आजारी पडले होते. त्याचे लंगोट धुतलेले पाणी आईने घरापुढच्या मैलाकुंडीत ओतले होते. १८५५ साली तिथे खणले. कुंडीच्या विटा ढिल्या झालेल्या, कुंडी आणि विहीर यांच्यात तीन फूटही अंतर नाही, आणि मधली माती मैल्याने चिंब. विहिरीत उतरून जे दिसले नाही, ते बाहेरची माती खणल्यावर दिसले.

दुसरी हकीकत स्वित्झर्लंडमधल्या लाउझेन या खेड्याची, १८७२ सालची. गावात विषमज्वराची साथ आली. पण स्वतःची विहीर असलेली सहा घरे सुटली. बाकीचा गाव डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचे पाणी पीत होता. डोंगरापलीकडच्या एका शेतघरात त्याआधी विषमज्वराचे रोगी होते, आणि तिथल्या ओढ्याचे पाणी काही वर्षांपूर्वी एका भगदाडात गडप होताना लोकांनी पाहिले होते. डॉ. हेगलर यांनी त्या भगदाडात पोत्यांनी मीठ ओतले. काही तासांत अलीकडचा झरा खारट झाला! मग पीठ कालवून ओतले. पीठ मात्र आले नाही. म्हणजे डोंगराने पाणी चांगले गाळले होते, तरीही रोग त्यातून पार झाला. विषमज्वराचा जंतू तेव्हा कुणी पाहिलाही नव्हता. तो १८८० साली दिसला.

आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर संस्थांनी हे काम केले. १९५५-५६ साली दिल्लीत पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. १९५८ साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली, तीच आजची ‘नीरी’. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, केंद्राने १९७४ साली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसे ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. आणि ग्रामपंचायतीला मिळणारे हिरवे, पिवळे, लाल कार्ड तर आपण सर्वांनी पाहिले आहे.

हिरवे कार्ड चांगलेच. पण कार्ड देणारा जे वर दिसते ते पाहतो: विहिरीचा कठडा, सांडपाणी, जवळचा उकिरडा. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून पन्नास फूट असला की आपण निश्चिंत होतो. निफाडकडच्या खोल काळ्या मातीत हे अंतर पुष्कळदा पुरेल. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला मात्र माती वीतभर आणि खाली फुटका खडक. तिथे पाणी गाळले जाण्याआधीच चिरेतून लांब जाऊ शकते.

म्हणून माग काढायचा तर बाटली हातात घेण्याआधी गावाचा नकाशा काढावा. त्यावर विहिरी, शोषखड्डे, गोठे आणि जमिनीचा उतार दाखवावा. मग संशयित विहिरीबरोबर उताराच्या वरच्या अंगाच्या एका विहिरीचेही पाणी घ्यावे. तुलनेला काही नसेल तर आकड्याला अर्थ नाही. खालच्या विहिरीत क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही चढलेली दिसली, तर मैला किंवा गोठ्याचे मूत्र झिरपत असल्याचा संशय घ्यावा. नायट्रेट एकटेच चढले असेल, तर शेतातल्या खताकडे पाहावे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि पाणी उकळून ते जात नाही, हे घरातल्या बायाबापड्यांना जरूर सांगावे. जंतूंसाठी बाटली निर्जंतुक हवी, बर्फात ठेवून ती चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. माती घ्यायची झाल्यास फुटाफुटाची वेगळी पिशवी करावी. सगळी एकत्र कालवली की रोग किती खोल गेला ते कळणार नाही. मीठ किंवा रंग ओतण्याचा प्रयोग मात्र जाणकारांवर सोडावा.

आणि नकाशा काढताना गावातल्या म्हाताऱ्यांना एवढे विचारा: पावसाळ्यात कोणत्या ओहोळाचे पाणी मध्येच जमिनीत जिरून जाते? लाउझेनच्या लोकांना ते माहीत होते. साथ येईपर्यंत त्यांना कुणी विचारले नव्हते.