रीसेट फसलेला लॅपटॉप

विंडोज प्रणालीतील ‘रीसेट धिस पीसी’ ही सोय वापरून लॅपटॉप नव्याने लावताना प्रक्रिया मध्येच अडली, की जुनी विंडोज मोडलेली आणि नवी अर्धवट बसलेली अशी स्थिती उरते. लॅपटॉपला वीज मिळते, पंखा फिरतो, कंपनीचे चिन्ह उमटते आणि तिथेच सारे थांबते. कधी निळा पडदा येतो, कधी लॅपटॉप आपोआप पुन्हापुन्हा सुरू होत राहतो. मदरबोर्ड गेला असे वाटण्यासारखीच ही लक्षणे असली, तरी बिघाड बहुधा डिस्कवरच्या फायलींत असतो. दुसरा एक संगणक आणि पेनड्राइव्ह हाताशी असेल, तर तो घरीही दूर करता येतो. फायली मात्र जातात त्या बऱ्याचदा रीसेट फसल्यानंतर घाईघाईने केलेल्या उपायांपायी.

ही सोय २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली. तेव्हा ‘रिफ्रेश’ आणि ‘रीसेट’ असे दोन वेगळे पर्याय होते आणि प्रणालीची मूळ प्रत डिस्कच्या एका राखीव भागात साठवलेली असे. २०१५ च्या विंडोज १० मध्ये दोन्ही पर्याय एकत्र झाले. जागा वाचावी म्हणून साठवलेली प्रतही काढून टाकण्यात आली. तेव्हापासून रीसेट चालू प्रणालीच्याच भांडारातून, म्हणजे ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरातून, सुट्या फायली उचलून नवी विंडोज जुळवते. पडक्या घराच्या विटा काढून त्याच विटांनी नवे घर उभारावे, तसा हा प्रकार आहे. विटाच भुसभुशीत असतील तर काम अडणारच. विंडोज कुरकुर करते म्हणून रीसेट करायचे आणि ज्या फायली खराब झाल्याने ती कुरकुरते त्यांच्यावरच रीसेटची भिस्त, ही या रचनेतली खरी गोम आहे. मे २०२० च्या आवृत्तीपासून ‘क्लाउड डाउनलोड’ हा पर्याय मिळाला. त्यात सुमारे ४ जीबी मजकूर इंटरनेटवरून नव्याने उतरवला जातो. इंटरनेट धड असेल तर स्थानिक प्रतीपेक्षा हाच पर्याय बरा.

फसण्याची बाकीची कारणे साधी असतात. बॅटरी उतरलेल्या लॅपटॉपवर रीसेट चालू असताना वीज जाणे, सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असणे, हार्ड डिस्कवर खराब सेक्टर तयार होणे, ‘किती वेळ लागतोय’ म्हणून वापरणाऱ्यानेच पॉवर बटण दाबून धरणे. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर रीसेटला कित्येक तास लागू शकतात. टक्केवारीचा आकडा हलत नसला तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर थांबावे.

दोष दर वेळी वापरणाऱ्याचाच असतो असेही नाही. फेब्रुवारी २०२० मधील ‘केबी ४५२४२४४’ या सुरक्षा अपडेटमुळे रीसेट अपयशी ठरू लागले आणि मायक्रोसॉफ्टने ते मागे घेतले. ऑगस्ट २०२५ च्या मासिक अपडेटनंतर विंडोज १० आणि विंडोज ११ च्या काही आवृत्त्यांवर हाच प्रकार झाला. १९ ऑगस्टला त्यावर तातडीची दुरुस्ती निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अपडेटने दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस निकामी केले. पर्याय समोर दिसत, पण निवडता येत नसत. तेव्हा रीसेटला हात घालण्याआधी त्या महिन्याच्या अपडेटबद्दल काही बोभाटा झाला आहे का, ते पाहून घेणे शहाणपणाचे.

पडद्यावर काय येते, यावरून निदानाची दिशा ठरते. ‘बदल केलेले नाहीत’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश सर्वांत निरुपद्रवी. जुनी विंडोज बहुधा शाबूत असते आणि रीस्टार्ट केल्यावर परत येते. ‘संगणक अनपेक्षितपणे रीस्टार्ट झाला, विंडोजची स्थापना पुढे जाऊ शकत नाही’ असा चौकोन येऊन ओके दाबताच तोच चौकोन पुन्हा येत असेल, तर नवी विंडोज जवळजवळ बसलेली असते. फक्त मांडणीच्या शेवटच्या टप्प्याची नोंद अडकलेली असते. तिथेच शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडावी, ‘रेजएडिट’ चालवावे आणि एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, सेटअप, स्टेटस, चाइल्ड कंप्लिशन या मार्गाने ‘सेटअप डॉट ईएक्सई’ या नोंदीपर्यंत जावे. तिथे १ असेल तर ३ करून रीस्टार्ट करावे. या एका आकड्याने पुष्कळ लॅपटॉप पुढे सरकले आहेत. ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा आला, तर विंडोजला डिस्कपर्यंत पोचता येत नाही असे समजावे. डिस्क नियंत्रकाचा ड्रायव्हर किंवा बायोसमधील साठवणुकीची पद्धत बदललेली असू शकते. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आल्यास आधी बायोसमध्ये जाऊन यादीत डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. नाव दिसत असेल तर अजून आशा आहे. नसेल तर पुढचे बहुतेक उपाय लागू होत नाहीत.

दुरुस्तीचा निळा पडदा, म्हणजे विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट, सलग दोनदा बूट फसले की बहुधा स्वतःहून येतो. येत नसेल तर चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा; दोन-तीनदा असे केल्यावर तो उघडतो. चार्जर लावलेला असावा, बाहेरचे सगळे यूएसबी काढलेले असावे. त्या पडद्यावर रीसेटचे बटण पुन्हा समोर असते आणि बोट तिकडेच वळते. ते दाबू नये. आधी फायली बाहेर काढाव्यात.

इथे बिटलॉकर आडवा येऊ शकतो. होम आवृत्तीच्या कित्येक लॅपटॉपवरही डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून तर नव्याने स्थापना करून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले, की बहुतेक यंत्रांवर हे कुलूप आपोआप लागते. उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली लागते, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लावला होता, त्या खात्यात मोबाइलवरून शिरले की उपकरणांच्या माहितीत ती बहुधा सापडते. लॅपटॉप कचेरीचा असेल तर ती आयटी विभागाकडे असते. पडद्यावरचा किल्लीचा ओळखक्रमांक आणि खात्यातला क्रमांक जुळवून पाहावा, कारण एका खात्यात अनेक किल्ल्या साठलेल्या असतात. किल्ली नसेल तर त्या फायली कुणालाच वाचता येत नाहीत, दुकानदारालाही नाही.

कुलूप उघडल्यावर फायली काढण्याची एक सोपी युक्ती आहे. दुरुस्तीच्या पडद्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नोटपॅड’ टाइप करावे. साधे नोटपॅड उघडते. त्यातल्या फाइल मेन्यूतून ओपन निवडले, की जी खिडकी येते ती छोट्या फाइल एक्सप्लोररसारखीच चालते. खाली फायलींचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ करायचा, यूजर्स फोल्डरात जायचे, हव्या त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून कॉपी करायचे आणि बाहेरच्या ड्राइव्हवर पेस्ट करायचे. ड्राइव्हची अक्षरे इथे बदललेली असू शकतात: एक्स म्हणजे दुरुस्तीचे तात्पुरते घर, आणि नेहमीचा सी कदाचित डी होऊन बसलेला. सवय असणारे लोक पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवूनही हेच काम उरकतात.

मग दुरुस्ती. ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदा चालवून पाहायला हरकत नाही, पण रीसेट अर्धवट राहिलेल्या लॅपटॉपवर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. विंडोज फोल्डर पुरता आहे आणि फक्त बूटची नोंद गेली आहे, अशी खात्री असेल तर ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा उपयोगी पडते. ‘डिस्कपार्ट’ने यूईएफआयच्या छोट्या एफएटी३२ भागाला एक अक्षर द्यायचे आणि बीसीडीबूटने त्यात बूटच्या फायली नव्याने लिहायच्या. जुन्या बायोस पद्धतीसाठी सांगितल्या जाणाऱ्या ‘बूटरेक’च्या आज्ञा आजच्या लॅपटॉपवर पुष्कळदा ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून परत येतात. त्यांच्यावर संध्याकाळ घालवू नये.

एवढ्यावर भागले नाही तर विंडोज बाहेरून आणावी, हा सर्वांत भरवशाचा मार्ग. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल उतरवून किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल करायचा. त्यावरचा जुना मजकूर पुसला जातो. बूटचा मेन्यू डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२ ने, एचपीवर एफ९ ने आणि आसूसवर एस्केप कळीने उघडतो. सिक्युअर बूट बंद करावे लागत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर स्थापनेच्या वेळी डिस्कची यादी रिकामी दिसते आणि एसएसडी गेली असे वाटते. प्रत्यक्षात इंटेलचा साठवणूक ड्रायव्हर हवा असतो. तो लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन, उलगडून, त्याच पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवावा. फायली काढता आल्या नसतील, तर पार्टिशन डिलीट किंवा फॉरमॅट न करता जुन्या विंडोजच्या जागीच ‘कस्टम’ स्थापना करावी. जुने फोल्डर ‘विंडोज डॉट ओल्ड’ मध्ये सरकवले जातात. प्रॉडक्ट कीची चिंता नको. विंडोजसकट विकत घेतलेल्या, विंडोज ८ नंतरच्या लॅपटॉपवर ती बहुधा यंत्राच्या फर्मवेअरमध्येच असते, फक्त होम किंवा प्रो ही आवृत्ती पूर्वीचीच निवडावी. स्थापनेनंतर वायफाय दिसले नाही तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केले की बहुतेक वेळा काम भागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत असेल तर थेट तीच टाकावी.

दुकानात नेल्यास ‘विंडोज टाकून द्या’ एवढेच सांगून निघू नये. त्याचा नेहमीचा अर्थ सगळी पार्टिशन उडवून नवी विंडोज टाकणे असा घेतला जातो. डेटा हवा आहे हे आधी सांगावे, पावतीवर लिहून घ्यावे आणि बिटलॉकरची किल्ली सोबत न्यावी. हार्ड डिस्क टिकटिक करत असेल तर तिच्यावर ‘चेकडिस्क’ चालवू नये. त्या ताणाने ती पुरती बसू शकते. आधी तिची प्रत काढून मग प्रतीवर काम करतात. एसएसडीचा प्रश्न निराळा. फॉरमॅट झाल्यावर ‘ट्रिम’ या आज्ञेने रिकामे ठरलेले कप्पे ती आतल्या आत मोकळे करते, आणि मग रिकव्हरी सॉफ्टवेअरला सहसा काही हाती लागत नाही. बायोसच्या यादीतूनच नाहीशी झालेली एसएसडी एकदा काढून, सॉकेटमध्ये नीट दाबून बसवून पाहतात. तरीही दिसली नाही तर बदलतात.