तारनाक्याची बंडी, तारनाक्याची भाकरी

तारनाका मेट्रो स्टेशनाचा जिना तुम्ही उतरताय. सकाळचे साडेसहा वाजलेत, नोव्हेंबर संपत आलाय, आणि हैदराबादच्या मानाने हवेत चांगलाच गारवा आहे. हा जिना, हे खांब, डोक्यावरून धडधडत जाणारी गाडी, हे सगळं २०१७ च्या नोव्हेंबरातलं. नागोल ते मियापूर ही तीस किलोमीटरची मेट्रो तेव्हा सुरू झाली. आज तुम्हाला त्याच्या कितीतरी मागे जायचंय. पण उपाशीपोटी नको.

खाली रस्त्याच्या कडेला इडलीची बंडी लागलीय. बंडी म्हणजे हातगाडी. मराठवाड्यात आणि विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात, तोच हा शब्द. इथे बैल गेले आणि गॅसची शेगडी आली, एवढाच फरक. झाकण उघडताच वाफेचा लोट अंगावर येतो. चार इडल्या, त्यांच्यावर लाल तिखटाची कारम पोडी, तिच्यावर चमचाभर तूप, बाजूला शेंगदाण्याची पातळ पल्ली चटणी आणि आल्याची गोडसर, झणझणीत अल्लम चटणी. बंडीवाला मदतनिसाशी तेलुगू बोलतो, तुमच्याकडे वळला की दक्खिनी.

“चटणी और डालूं?”

“नक्को भई, बस.”

हे ‘नक्को’ तुम्ही लहानपणापासून म्हणत आलात, त्यात विशेष असं तुम्हाला काही वाटत नाही. पण हा शब्द मराठीचा. दक्खिनी बोलीने तो आपल्या ‘नको’वरून घेतला आणि शेकडो वर्षं जिवापाड सांभाळला. ‘वैसाइच’, ‘उनोंइच’ यातला शेवटचा ‘च’सुद्धा आपलाच. ज्याच्या घरात मराठीचं एक अक्षर कोणी बोलत नाही, तो हैदराबादी माणूससुद्धा नकार द्यायचा झाला तर मराठीतून देतो.

गावाच्या नावाचंही तसंच. निजामाच्या काळात इथे तारेचं कुंपण घातलेली एक चौकी होती, म्हणून तारनाका, असं सांगतात. मराठी कानाला याची फोड करून सांगावी लागत नाही. तार आपली, नाकाही आपला. शेजारच्या वस्तीचं नाव सीताफळमंडी, तेही तसंच उघड. या भागात तुम्ही इतकी वर्षं राहिलात, ऑफिसला गेलात, बँकेच्या रांगेत उभे राहिलात. पण हातात काही काम न घेता इथून कधी चाललात? आज चाला.

विद्यापीठाच्या रस्त्याला लागा. सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी आहे: कानटोपी घातलेले आजोबा, परीक्षेची टिपणं पाठ करत येरझारा घालणारी पोरं, साडीवर स्वेटर आणि पायात बूट घातलेल्या बायका. झाडी दाट होत जाते, रस्ता रुंद होतो आणि समोर आर्ट्‌स कॉलेज उभं राहतं. गुलाबी ग्रॅनाइटची ही इमारत कितीदा पाहिली तरी पाय थबकतातच. मधली ती उंच कमान बघा. बेल्जियमचे वास्तुविशारद अर्नेस्ट जॅस्पर यांची ही रचना. पायऱ्या चढून जा, दगडावर तळहात टेकवा. दगड गार आहे. आता डोळे मिटू नका, फक्त ऐका. टाकीचा आवाज येतोय का?

टक्, टक्, टक्.

तुमच्या हाताखालचा दगड खरखरीत झालाय. कमानीला बांबूची परांची लागलीय. झाडी दिसेनाशी झालीय. चहूकडे उघडा माळ, मोठमोठे धोंडे आणि मध्येच आखलेला लाल मातीचा रस्ता. अडिकमेटचा हा माळ. साल १९३८, महिना हाच, नोव्हेंबर अखेर. इमारतीचा पाया १९३४ मध्ये घातला गेला, उद्घाटनाला अजून वर्ष आहे.

एका धोंड्यावर एक पोरगा बसलाय. अंगात शेरवानी, मांडीवर फडक्याची गाठोडी. तो तुमच्याकडे बघून हसतो.

“बसा की दादा. कुठले तुम्ही?”

तुम्ही आजोबांच्या गावाचं नाव सांगता. त्याचे डोळे चमकतात. हा परभणीचा. काल रात्री मनमाडकडून येणाऱ्या छोट्या लाइनीच्या गाडीत बसला, नांदेड, निजामाबाद करत काचीगुड्याला उतरला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन वसतिगृहात आला. सुट्टीला नव्हता गेला, मोठ्या बहिणीचं लग्न होतं. आता गाठोडी सोडतो. आत धपाटे आहेत. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक, थोडं बेसन, तिखट, तीळ. ओल्या फडक्यावर थापलेले, कडेने तेल सोडून भाजलेले. प्रवासाला दुसरं काही इतकं टिकत नाही. पानात बांधलेली जवसाची चटणी वेगळी.

“घ्या. आईनं चार दिवसांचे दिलेत. इथं नुसता भात नि भात. भाकरीसाठी जीव टाकतो बघा.”

तुम्ही तुकडा मोडता. तीळ दाताखाली येतो, मग जवसाचा तो किंचित बुळबुळीत, खमंग स्वाद. दोन मिनिटं कोणीच बोलत नाही.

मग तो बोलत सुटतो. उस्मानिया १९१८ ची. सगळं शिक्षण उर्दूतून, रसायनही उर्दूतून आणि इतिहासही. त्याला उर्दू उत्तम येते, गालिबचे शेर तो तुम्हाला म्हणून दाखवील. मराठी या विद्यापीठात आहे, पण एका विषयापुरती. त्याच्या जिल्ह्यातल्या पोराला पदवी घ्यायची तर निजामाच्या राज्यात दुसरं विद्यापीठ नाही. औरंगाबादचं इंटरमीजिएट कॉलेजसुद्धा याच विद्यापीठाचं. म्हणून परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद, सगळीकडची पोरं या माळावर येऊन राहिलीत. सुट्टीच्या दिवशी पाच-सहा जण मिळून सिकंदराबादपर्यंत चालत जातात, इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासभर बसतात आणि चालत परत येतात. करमणूक ती एवढीच. मोसमात सीताफळं. तीही आता संपत आली.

“आणि संध्याकाळी आम्ही प्रार्थनेच्या खोलीत वंदे मातरम् म्हणतो,” तो आवाज जरा खाली आणून सांगतो. “म्हणू नका, असं वरून सांगितलंय. पण आम्ही म्हणणार.”

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही. वसतिगृहाचे दरवाजे त्याला बंद होतील. शेकडो विद्यार्थी विद्यापीठाबाहेर काढले जातील. नागपूर विद्यापीठ, तिथले कुलगुरू केदार, त्यांना जवळ करतील आणि ही पोरं सामान उचलून नागपूरला जातील. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही याच वंदे मातरम् आंदोलनामुळे नागपूरला शिकायला गेले. १९३९ च्या डिसेंबरात या इमारतीचं उद्घाटन होईल तेव्हा तिच्यासमोरच्या धोंड्यावर बसून धपाटे खाणारा हा पोरगा इथे नसेल. यातलं काहीच तुम्ही त्याला सांगत नाही. सांगून तो थांबला नसता.

तो उरलेले धपाटे पुन्हा फडक्यात बांधतो, एक तुमच्या हातावर ठेवतो आणि माळ उतरून वसतिगृहाकडे चालू लागतो.

तुम्ही उलट्या दिशेने निघता, तारनाक्याकडे. चालता चालता पायाखाली डांबर येतं. वीस वर्षं सरली. १९५८. रस्त्याकडेच्या आवारात सामान येऊन पडलंय. निलगिरीच्या डोंगरातल्या कुन्नूरहून पोषण संशोधनाची प्रयोगशाळा हैदराबादला आलीय; पुढे हीच राष्ट्रीय पोषण संस्था होईल. तिचे प्रमुख डॉ. वि. ना. पटवर्धन. आपण काय खातो आणि त्यात किती काय असतं, याचे भारतीय पदार्थांचे तक्ते ज्या पुस्तकातून देशभर गेले, त्याच्या लेखकांमध्ये त्यांचं नाव आहे. भाताची शितं, डाळीचा दाणा, पालेभाजीची काडी मोजणारं हे काम एका मराठी माणसाच्या देखरेखीखाली तारनाक्यात येऊन स्थिरावलं, आणि आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे? मला फार उशिरा कळलं. आवाराच्या फाटकावरून वर्षानुवर्षं गेलो होतो.

त्याच १९५८ सालच्या २३ ऑगस्टला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. मराठवाडा दोन वर्षांपूर्वीच हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला होता. परभणीच्या पोराला आता रात्रभर गाडीत बसून काचीगुड्याला उतरायचं कारण उरलं नाही. ते झालं ते योग्यच झालं. पण या माळावरची मराठी वर्दळ त्या सालापासून ओसरत गेली.

प्रयोगशाळेत आणखी थोडं थांबा, कारण भाकरीची गोष्ट इथे एक वळण घेते. दख्खनच्या पठारावर जे गरीब लोक जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगत, त्यांच्यात पेलाग्रा दिसे. उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलायची, पोट बिघडायचं, डोकं ठिकाणावर राहायचं नाही. मक्यावर जगणाऱ्यांचा हा आजार म्हणून जगाला माहीत होता, ज्वारीवर का व्हावा हे कोडं होतं. १९६० मध्ये इथल्याच गोपालन आणि श्रीकांतिया या संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की ज्वारीत ल्यूसीन हे अमिनो आम्ल जास्त असतं, त्याच्याशी याचा संबंध असावा. यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण ज्याच्या ताटात भाकरीसोबत दुसरं काहीच नव्हतं त्याच्याकडे या लोकांनी बघितलं. जवसाची चटणी, डाळ, ताक, एखादी पालेभाजी, हे ज्याला मिळत होतं त्याचं ताट वेगळं. परभणीच्या आईने ज्वारीच्या पिठात बेसन आणि तीळ घातले होते, ते आठवा.

मधली वर्षं तुम्ही भराभर ओलांडता. बसला लोंबकळणारी कॉलेजची पोरं, आराधना टॉकीजवरची हाताने रंगवलेली पोस्टरं, पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला हिरोच्या कटआउटवर चढवलेले हार. मग उड्डाणपूल. मग मेट्रोचे खांब. दुपार कलली आणि तुम्ही पुन्हा आजच्या तारनाक्यात आहात.

चहा प्यायला इराण्याकडेच चला. यझदकडून निघालेली ही माणसं, काही मुंबईत थांबली, काही पुण्यात, काही इथवर आली. पुण्याला त्यांनी बन-मस्का दिला, हैदराबादला हा दमचा चहा. गल्ल्याच्या मागे बघा: तांब्याच्या हंड्याचं झाकण घट्ट बसवून चहाचा काढा मंद आचेवर मुरतोय. दूध वेगळ्या भांड्यात, आटून साईसारखं दाट झालेलं. दोन्हींची गाठ पडते ती कपातच. आधी काढा, वरून दूध. सोबत दोन उस्मानिया बिस्किटं, शेवटच्या निजामाच्या नावाची. अर्धी गोड, अर्धी खारी, चहात बुडवलीत तर तीन मोजायच्या आत बाहेर काढा, नाहीतर तळाशी जातील.

शेजारच्या गाडीवर सीताफळं आहेत, हंगामाची शेवटची. डोळे मोठे झालेलं, देठाशी किंचित दबणारं घ्या. बालानगर हे सीताफळाचं नामांकित वाण या तेलंगणातलंच. आज महाराष्ट्रातल्या कित्येक बागा त्यावर उभ्या आहेत. ये-जा फक्त पोरांची आणि शब्दांची झाली नाही.

अंधार पडतो. हब्सीगुड्याच्या बाजूला चालत जा. फुटपाथच्या कडेला एक बाई चुलीसमोर बसलीय. परातीत ज्वारीचं पीठ, शेजारी गरम पाण्याचं पातेलं. ती पिठाचा गोळा मळते, परातीत ठेवून थापायला लागते, थप् थप् थप्, भाकरी फिरत फिरत मोठी होते. तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते, उलटते, मग निखाऱ्यावर धरते. फुगते. तेलुगूत याला जोन्न रोट्टे म्हणतात. गेल्या काही वर्षांत हैदराबादभर संध्याकाळी या चुली पेटू लागल्यात. मधुमेहवाले येतात, जिमवाली पोरं येतात, नुसती भूक लागलेलेही येतात. दुचाकीवरून उतरलेला एक तरुण चार बांधून घेतो.

तुम्ही दोन मागता. भाकरीला राखेचा वास आहे, कडेला करपल्याचा काळा ठिपका आहे. सोबत गोंगुऱ्याची चटणी, म्हणजे आपली अंबाडी. पहिला घास तोंडात जातो तेव्हा त्या माळावर बसलेला पोरगा आठवतो, भाकरीसाठी जीव टाकणारा. तो जिथे बसला होता तिथून ही चूल पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

बाई विचारते, “और एक दूं?”

आता मात्र ‘नक्को’ म्हणू नका.

पुढच्या रविवारी घरातल्या पोरांना घेऊन निघा. बंडीवरची इडली नऊच्या आत संपते, म्हणून लवकर या. आर्ट्‌स कॉलेजच्या पायऱ्यांवर त्यांना बसवा आणि नागपूरला गेलेल्या पोरांची गोष्ट मराठीतून सांगा.