प्रवासासाठी पावसाळी कोट : निवड कशी करावी?

नैऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनला केरळच्या किनाऱ्यावर दाखल होतो आणि ८ जुलैपर्यंत संपूर्ण देश व्यापतो. देशाच्या वार्षिक पर्जन्यमानापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. प्रवासही याच काळात मोठ्या प्रमाणावर होतो. पंढरीची वारी, अमरनाथ यात्रा, पश्चिम घाटातील पदभ्रमण, मेघालयातील पर्यटन हे सारे पावसाळ्यातलेच. त्यामुळे प्रवासाच्या सामानात पावसाळी कोट हवा, याविषयी दुमत नाही. मात्र तो कोणता असावा, हे ठरवताना बहुतेक वेळा रंग आणि किंमत यांपलीकडे विचार होत नाही. देखणा, वापरायला सोयीचा आणि खरोखर पाणी अडवणारा कोट निवडायचा असेल, तर जेथे जायचे तेथील पाऊस कोमट आहे की थंड, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

भिजणे केव्हा धोक्याचे?

मुंबई, कोची किंवा पणजी येथे पावसात भिजणे गैरसोयीचे असते, परंतु सहसा जिवावर बेतत नाही. उंच डोंगराळ प्रदेशात चित्र वेगळे असते. समुद्रसपाटीपासून दर एक हजार मीटर उंचीला हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे ओले कपडे अंगाला चिकटले आणि त्यांवर वारा लागला, की शरीराची उष्णता झपाट्याने कमी होते. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेल्यास हायपोथर्मिया ही अवस्था निर्माण होते. थरथर, अडखळते बोलणे, गोंधळलेली मनःस्थिती ही तिची लक्षणे होत. वेळीच ऊब न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो.

ऑगस्ट १९९६ मध्ये अमरनाथ यात्रेच्या मार्गावर अनपेक्षित पाऊस व हिमवृष्टी झाली. तीत थंडी आणि थकव्यामुळे २४० हून अधिक जण मरण पावले. या दुर्घटनेच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने नितीश सेनगुप्ता यांची समिती नेमली होती. यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याची शिफारस तिने केली. अमरनाथची गुंफा ३,८८८ मीटर उंचीवर आहे. यात्रेकरूंसाठी दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये लोकरी कपड्यांबरोबर रेनकोट, विंडचीटर आणि पाणी न शिरणारे बूट यांचा समावेश असतो, तो याच कारणाने. अशा ठिकाणी कोट हा संरक्षक साधनांचा भाग ठरतो.

इरले, क्नुप आणि रबरी कोट

पावसापासून अंग झाकण्याची गरज जुनी आहे. कोकणात भातलावणीच्या वेळी वाकून काम करणारे शेतकरी बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले डोक्यापाठीवर घेत. देशावरचे धनगर घोंगडीची खोळ करीत. मेघालयातील खासी समाजात बांबू व पानांपासून विणलेले शिंपल्याच्या आकाराचे ‘क्नुप’ वापरले जाते. ते डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकते आणि दोन्ही हात कामासाठी मोकळे राहतात. वार्षिक सरासरी सुमारे ११,८७२ मिलिमीटर पाऊस पडणारे मॉसिनराम याच राज्यात आहे. या साधनांचा एक गुण आधुनिक कोटांनाही सहजी साधत नाही. त्यांच्याखालून हवा खेळती राहते, म्हणून घामाने अंग भिजत नाही.

आजच्या रेनकोटाची सुरुवात १८२३ मध्ये झाली. ग्लासगो येथील रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या नॅप्थामध्ये रबर विरघळवले आणि त्याचा थर दोन कापडांच्या मध्ये बसवून पाणी न शिरणारे कापड तयार केले. ब्रिटनमध्ये रेनकोटाला ‘मॅक’ म्हणण्याची प्रथा त्यांच्या नावावरूनच पडली. या कोटात दोष बरेच होते. उन्हाळ्यात रबर चिकट होई, थंडीत ताठरे, त्याला उग्र वास येई आणि शिवणीच्या छिद्रांतून पाणी झिरपे. रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याची पद्धत अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी विकसित केली. १८४४ पासून तिचे पेटंट अस्तित्वात आल्यावर पहिले दोन दोष दूर झाले. भारतात स्वदेशी चळवळीच्या प्रभावातून सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये बंगालमध्ये जलरोधक वस्तूंचा उद्योग सुरू केला. ‘डकबॅक’ या नावाने त्याचे रेनकोट आणि रबरी वस्तू देशभर परिचित झाल्या.

गरजेतून आलेली शैली

रबरी कोटाचा मोठा दोष मात्र कायम होता. बाहेरचे पाणी आत येत नसे, तसा आतला घामही बाहेर जात नसे. इंग्लंडमधील टॉमस बर्बेरी यांनी १८७९ मध्ये यावर वेगळा उपाय शोधला. कापडावर थर देण्याऐवजी त्यांनी सुतावरच जलरोधक प्रक्रिया केली आणि ते सूत घट्ट विणले. ‘गॅबर्डीन’ नावाचे हे कापड वजनाला हलके होते आणि त्यातून हवाही खेळत असे. त्याचे पेटंट १८८८ मध्ये मिळाले. दक्षिण ध्रुवाकडील मोहिमांमध्येही त्याचा वापर झाला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी खंदकांमध्ये असे कोट वापरले. खंदकाला इंग्रजीत ‘ट्रेंच’ म्हणतात, त्यावरून ‘ट्रेंच कोट’ हे नाव रूढ झाले. आज फॅशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या अनेक खुणा मुळात उपयोगाच्या आहेत. खांद्यांवरच्या पट्ट्यांवर हुद्द्याची चिन्हे लावली जात. छातीवरचा जास्तीचा पदर पाणी खाली ओघळवतो. मनगटावरचा पट्टा आवळला की बाहीतून वारा आणि पाणी शिरत नाही. दुहेरी बटणांमुळे समोरची बाजू दोन थरांनी झाकली जाते. देखणेपणा आणि उपयुक्तता या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे या कोटाच्या इतिहासावरून दिसते.

‘श्वास घेणारे’ कापड

१९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना असे आढळले, की टेफ्लॉनच्या कुळातील पीटीएफई हे द्रव्य तापवून झटक्यात ताणले असता त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. ही छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कित्येक पटींनी लहान, पण बाष्पाच्या रेणूपेक्षा मोठी असतात. त्यामुळे पाऊस बाहेर अडतो आणि घामाची वाफ बाहेर पडू शकते. ‘गोर-टेक्स’ या नावाने हा पातळ पडदा बाजारात आला. त्यानंतर पॉलियुरेथेनसारख्या द्रव्यांचे इतर पडदेही तयार झाले.

या तंत्राची मर्यादा मात्र लक्षात घेतली पाहिजे. कोटाच्या आत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच वाफ बाहेर जाते. थंड व कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो. कोकण, केरळ किंवा मेघालयाच्या सखल भागात पावसाळी हवा उबदार आणि बाष्पाने भरलेली असल्याने तो फारच कमी उरतो. म्हणूनच हिमालयात उत्तम काम देणारा महागडा कोट किनारपट्टीवर घामाने ओला झाल्याची तक्रार ऐकू येते. तेथे काखेतील चेन, पाठीवरील जाळीदार झडप आणि सैल बेतणी यांचा उपयोग अधिक होतो.

लेबलवरील आकडे

कोटावर ‘वॉटर रेझिस्टंट’ असे लिहिले असल्यास तो भुरभुर पाऊस काही काळ सोसतो, एवढाच अर्थ घ्यावा. मुसळधार पावसासाठी ‘वॉटरप्रूफ’ कोट पाहावा. अनेक कोटांवर मिलिमीटरमध्ये आकडा दिलेला असतो. कापडावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेऊन, पाणी आत झिरपेपर्यंत ते किती उंचीच्या स्तंभाचा दाब सोसते, यावरून तो ठरतो. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. पावसाच्या थेंबांचा दाब याहून कमी असतो, परंतु पाठपिशवीचे पट्टे, दुचाकीचे आसन किंवा ओल्या दगडावर बसणे यांमुळे कापडावरचा दाब वाढतो. शहरातील ये-जा आणि पाठीवर ओझे घेऊन केलेली चढण यांच्या गरजा म्हणून वेगळ्या असतात. दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती बाष्प बाहेर जाते, हे तो सांगतो.

कोठे कोणता कोट?

* किनारपट्टी, पश्चिम घाट आणि ईशान्येकडील सखल भाग : हलका, सैल, हवेसाठी झडपा असलेला कोट योग्य. पायी फिरताना पाठपिशवीसह अंग झाकणारा पाँचोही सोयीचा. मात्र घाटमाथ्यावरील जोराच्या वाऱ्यात तो उडतो.
* हिमालयातील यात्रा व पदभ्रमण : वाफ बाहेर सोडणारा, टोपी असलेला कोट आणि तशीच पाटलोण घ्यावी. आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर मावेल एवढा कोट मोठा हवा. सुती कपडा भिजला की ऊब देत नाही, लोकर भिजल्यावरही काही प्रमाणात देते.
* तामिळनाडूचा किनारा : येथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. जून-जुलैमध्ये तेथे जाणाऱ्यांना घडी करून पिशवीत ठेवता येणारा हलका कोट सहसा पुरतो.
* शहरे आणि कामानिमित्तचा प्रवास : गुडघ्यापर्यंत लांब, साध्या कॉलरचा, एकरंगी कोट कार्यालयात आणि रेल्वेतही शोभतो. त्याची टोपी काढता-घालता येणारी असावी.
* दुचाकी : कोट व पाटलोण असा जोड आवश्यक. लांब व सैल पाँचो चाकात अडकून अपघात होऊ शकतो, म्हणून तो टाळावा.

खरेदीच्या वेळी

कापड कितीही चांगले असले, तरी पाणी प्रथम शिवणीतून शिरते. त्यामुळे कोट उलटा करून आतून पाहावा. सर्व शिवणींवर सलग पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. चेनवर कापडी झाकण असावे किंवा चेनच जलरोधक असावी. दोन्ही हात वर केल्यावर कंबर उघडी पडू नये. मान डावी-उजवीकडे वळवल्यावर टोपीही सोबत वळावी, तिच्यामुळे डोळे झाकले जाऊ नयेत. टोपीला पुढे कडक कड असल्यास पाणी चेहऱ्यावर ओघळत नाही. बाहीला वेलक्रो आणि तळाला आवळायची दोरी असावी.

रंगाचा प्रश्न केवळ आवडीचा नाही. काळा, करडा किंवा गडद निळा कोट शहरात उठून दिसतो, परंतु मुसळधार पावसात व अंधारात वाहनचालकाला तो दिसत नाही. रस्त्यावर व डोंगरात पिवळा, नारिंगी अथवा लाल रंग सुरक्षित ठरतो. गडद रंगच हवा असल्यास प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या असलेला कोट घ्यावा.

प्रवासापूर्वी घरीच परीक्षा घेता येते. फिकट रंगाचा सुती सदरा घालून वर कोट चढवावा आणि दहा मिनिटे न्हाणीघरातील फवाऱ्याखाली उभे राहावे. सदऱ्यावरील ओल्या डागांवरून गळतीची जागा समजते.

निगा आणि रसायनांचा प्रश्न

नव्या कोटावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात. हा गुण बाहेरच्या कापडावर दिलेल्या जलविरोधी लेपाचा असतो. मळ, घाम व वापर यांमुळे तो क्षीण होतो, कापड पाणी शोषते आणि पडदा शाबूत असूनही वाफ बाहेर जाईनाशी होते. अशा वेळी कोट खराब झाला असे समजून टाकून देण्याचे कारण नाही. तो सौम्य साबणाने धुवावा. कपडे मऊ करणारी द्रव्ये वापरू नयेत. लेबलवर परवानगी असल्यास मंद उष्णता दिल्याने लेप बऱ्याच अंशी पुन्हा काम करू लागतो. लेपाचा फवाराही विकत मिळतो. पीव्हीसीच्या कोटाला इस्त्री करू नये आणि कोणताही कोट ओला असताना घडी घालून ठेवू नये.

या लेपांत दीर्घकाळ फ्लोरिनयुक्त रसायने वापरली गेली. ती निसर्गात सहजासहजी विघटित होत नाहीत. त्यांपैकी पीएफओए या रसायनाचा समावेश २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या प्रतिबंधित यादीत करण्यात आला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अशा रसायनांच्या कापडातील वापरावर निर्बंध लागू झाले. आता फ्लोरिनविरहित लेपांचे कोटही मिळतात. त्यांवर तेल व मळ लवकर बसतो, म्हणून ते अधिक वेळा धुवावे लागतात.

थोडक्यात, कोमट पावसात हवा खेळती ठेवणारा आणि थंड पावसात पाणी व वारा दोन्ही अडवणारा कोट योग्य होय. शिवणी, टोपी आणि माप यांची खात्री झाली, की रंग व शैलीची निवड आपापल्या पसंतीने करता येते. डोंगराळ यात्रेला निघताना मात्र कोट सामानाच्या तळाशी न ठेवता चटकन हाती लागेल असा वरच ठेवावा. पाऊस सुरू झाल्यावर आणि अंग भिजण्यापूर्वी तो अंगावर चढला, तरच त्याचा उपयोग होतो.